कुणाचं हृदय कुणाला चालतं?

‘पंपिंग वीस टक्क्यांवर आलंय’ असं डॉक्टरांनी सांगितलं की कोल्हापूरच्या आजरा तालुक्यातल्या घरात पहिला प्रश्न येतो तो हृदय बदलता येईल का, हा. येतं असं कळलं की लगेच दुसरा: मग आमच्यापैकी कुणाचं चालेल? मूत्रपिंड द्यायला आई किंवा बायको पुढे आल्याचं गावाने पाहिलेलं असतं. त्यामुळे हृदयाचंही घरच्या घरी जुळवता येईल अशी समजूत होते. पण हृदय एकच असतं. आपल्याकडे ते मेंदूमृत झालेल्या माणसाचं मिळतं, आणि तो माणूस बहुतेक वेळा अनोळखी, दुसऱ्या जिल्ह्यातला, कधी दुसरी भाषा बोलणारा असतो. सख्खा भाऊ इथे काही करू शकत नाही, आणि परक्याचं हृदय मात्र दहा-पंधरा वर्षं साथ देऊ शकतं.

दाता आणि रुग्ण यांची जुळणी म्हटलं की प्रयोगशाळा डोळ्यांपुढे येते. रक्तगट पाहिला, ऊती जुळल्या, काम झालं, असं वाटतं. हृदयाच्या बाबतीत प्रयोगशाळेइतकंच घड्याळ आणि नकाशा पाहावा लागतो, आणि आजऱ्यासारख्या गावाला यातला नकाशाच सगळ्यांत जास्त नडतो असं माझं स्पष्ट मत झालं आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी वैद्यकशास्त्राची बाजू नीट पाहायला हवी.

ही जुळणी माणूस अपयशांतून शिकला. जानेवारी १९६४ मध्ये अमेरिकेतल्या मिसिसिपी राज्यात डॉ. जेम्स हार्डी यांनी एका मरणासन्न रुग्णाला चिंपांझीचं हृदय बसवलं. ते तास-दीड तास चाललं. परक्या प्राण्याचा अवयव शरीर नाकारणार, हा धोका होताच. पण तिथवर वेळच आली नाही. मोठ्या माणसाच्या शरीराला पुरेल एवढं रक्त ते लहान हृदय ढकलू शकलं नाही. ३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाऊनच्या ग्रूट शूर रुग्णालयात डॉ. ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी माणसाचं हृदय माणसाला बसवलं. हृदय चाललं, पण रुग्ण अठराव्या दिवशी न्यूमोनियाने गेला. नवं हृदय शरीराने नाकारू नये म्हणून दिलेल्या औषधांनी जंतूंशी लढण्याची ताकदच खच्ची केली होती.

त्यानंतर अडीच महिन्यांत, १६ फेब्रुवारी १९६८ रोजी, मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातलं पहिलं हृदय प्रत्यारोपण केलं. जगातल्या पहिल्या अर्धा डझन शस्त्रक्रियांत तिची गणना होते. रुग्ण काही तासच जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी दुसरं प्रत्यारोपण केलं, तो रुग्णही एक दिवस पुरा करू शकला नाही. या दोन मृत्यूंवरून सेन यांच्या कामाचं मोजमाप करणं मला अन्यायाचं वाटतं. मेंदूमृत्यूची व्याख्या हार्वर्डच्या समितीने मांडली तीच ऑगस्ट १९६८ मध्ये, म्हणजे पहिल्या शस्त्रक्रियेनंतर. भारतात त्याबद्दल कायदा नव्हता, नाकारण्याची प्रक्रिया वेळीच ओळखणारी बायोप्सी नव्हती, सायक्लोस्पोरिन नावाचं औषध सापडायचं होतं. हात तयार होते. हृदय टिकवायला लागणारं बाकीचं काहीच जगात कुठे तयार नव्हतं.

हृदयाच्या स्नायूचा कणभर तुकडा शिरेतून काढून तपासायची पद्धत स्टॅनफर्डच्या डॉक्टरांनी १९७३ च्या सुमारास रुळवली. सायक्लोस्पोरिन १९८० च्या दशकात हाती आलं आणि मग जगभर ही शस्त्रक्रिया खऱ्या अर्थाने सुरू झाली. आपल्याकडे मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा जुलै १९९४ मध्ये झाला. ३ ऑगस्ट १९९४ रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. पी. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. कायदा सुरुवातीलाच लागू करणाऱ्या राज्यांत महाराष्ट्र आणि गोवा होते, फेब्रुवारी १९९५ पासून. तरीही मुंबईत यशस्वी हृदय प्रत्यारोपण व्हायला ऑगस्ट २०१५ उजाडला. मुलुंडच्या फोर्टिस रुग्णालयात डॉ. अन्वय मुळे यांच्या चमूने ते केलं, आणि हृदय आलं होतं पुण्याहून. केईएमने सेन यांच्यानंतर पुन्हा हृदय प्रत्यारोपण केलं ते जुलै २०२४ मध्ये, छप्पन वर्षांनी.

आता जुळणीकडे. पहिली चाळणी रक्तगटाची, आणि ती लोकांना माहीत असते. रक्त चढवताना जो नियम, तोच इथे: ओ गटाच्या दात्याचं हृदय कुणालाही चालतं, एबी गटाच्या रुग्णाला कुणाचंही चालतं, ए आणि बी एकमेकांना चालत नाहीत. हा नियम मोडला तर रुग्णाच्या रक्तात आधीच असलेली प्रतिपिंडं, म्हणजे अँटिबॉडी, नव्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर तुटून पडतात आणि टेबलावरच, काही मिनिटांत किंवा तासांत, ते हृदय काळंनिळं पडून थांबू शकतं. पॉझिटिव्ह-निगेटिव्हची धास्ती मात्र नको. रक्त देताना महत्त्वाचा असणारा आरएच घटक हृदयाच्या जुळणीत आडवा येत नाही. व्यवहारात शक्यतो त्याच गटाचा दाता त्याच गटाच्या रुग्णाला देतात. नाहीतर ओ गटाची सगळी हृदयं इतरांना वाटली जातील, आणि ओ गटाच्या रुग्णाला तर ओशिवाय दुसरं काही चालतच नाही.

या नियमाला एक अपवाद आहे. तान्ह्या बाळाच्या रक्तात पहिले काही महिने दुसऱ्या रक्तगटाविरुद्धची प्रतिपिंडं जवळजवळ नसतात. टोरांटोच्या डॉ. लोरी वेस्ट यांनी याचा उपयोग करून न जुळणाऱ्या गटाची हृदयं बाळांना बसवली आणि २००१ मध्ये दहा बाळांचे निष्कर्ष जाहीर केले. बहुतेक बाळं जगली. त्याहून विलक्षण म्हणजे मोठेपणी त्यांचं शरीर त्या परक्या गटाविरुद्ध लढायला शिकलंच नाही.

दुसरी चाळणी लोकांना माहीत नसते, आणि माझ्या मते आपल्या भागातल्या बायकांसाठी तीच सर्वांत कठीण आहे. आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीवर एचएलए नावाच्या खुणा असतात. त्यांची जनुकं सहाव्या गुणसूत्रावर असतात, अर्धी आईकडून, अर्धी वडिलांकडून. यातली पहिली खूण फ्रान्सच्या झाँ दोसे यांनी १९५८ मध्ये शोधली. त्या कामासाठी त्यांना १९८० चं नोबेल विभागून मिळालं. एखाद्याच्या शरीराची दुसऱ्याच्या एचएलएशी गाठ पडलेली असेल, तर त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होऊन रक्तात टिकून राहतात. गाठ कशी पडते? रक्त चढवल्यामुळे, आधीच्या प्रत्यारोपणामुळे, छातीत यांत्रिक पंप बसवल्यामुळे. आणि गरोदरपणामुळे. पोटातल्या बाळाच्या निम्म्या खुणा वडिलांच्या असतात, आईच्या शरीराला त्या परक्या वाटतात. तीन-चार बाळंतपणं झालेल्या, एखाद्या बाळंतपणात रक्त चढवावं लागलेल्या बाईच्या रक्तात अशी प्रतिपिंडं असण्याची शक्यता बरीच जास्त. पुढे पन्नाशीत तिचं हृदय निकामी झालं, तर रक्तगट जुळणारी हृदयंही तिच्यासाठी धोक्याची ठरतात.

हे किती गंभीर आहे ते मूत्रपिंडाच्या एका जुन्या अभ्यासाने दाखवलं. १९६९ मध्ये पटेल आणि तेरासाकी यांनी दात्याच्या पेशी आणि रुग्णाचं रक्तद्रव एकत्र करून पाहिलं. यालाच क्रॉसमॅच म्हणतात. जिथे ही चाचणी पॉझिटिव्ह आली होती, तिथे ३० पैकी २४ मूत्रपिंडं लगेच बंद पडली. निगेटिव्ह आली होती तिथे १९५ पैकी फक्त ८. त्या दिवसापासून क्रॉसमॅच पॉझिटिव्ह असताना अवयव बसवायचा नाही हा दंडक झाला.

हृदयासाठी यात मोठी अडचण होती. दाता दुसऱ्या शहरात असतो, त्याचं रक्त मागवून चाचणी करायची आणि मग निर्णय घ्यायचा, इतकी सवड नसते. आता रुग्णाच्या रक्तात नेमकी कोणत्या खुणांविरुद्ध प्रतिपिंडं आहेत ते आधीच मोजून ठेवतात. दात्याचं एचएलए कळलं की कागदावरच ताडून पाहतात. याला व्हर्च्युअल क्रॉसमॅच म्हणतात. रुग्णाचा पीआरए ऐंशी टक्के आहे असं अहवालात असलं, तर शंभरातल्या ऐंशी दात्यांविरुद्ध त्याचं रक्त आधीच सज्ज आहे असा त्याचा अर्थ. अशा रुग्णांसाठी रक्तातली प्रतिपिंडं गाळून काढणं, इम्युनोग्लोब्युलिन देणं, अशी उपचारांची वाट आहे. ती लांबलचक आणि खर्चिक आहे.

मग ऊती पूर्ण जुळवतात का? नाही. मूत्रपिंडाच्या जुळणीत एचएलए जितकं जुळेल तितकं चांगलं म्हणून गुण मोजतात. हृदयाच्या बाबतीतही जुळलेलं हृदय जास्त टिकतं असं मोठ्या नोंदींवरून दिसलं आहे. पण बर्फात ठेवलेलं मूत्रपिंड एक दिवस, कधी त्याहून जास्त थांबतं, आणि हृदय चार तास. या चार तासांमुळे जुळणीची सगळी क्रमवारी उलटी होते. चांगलं जुळणारं हृदय शोधत बसण्यापेक्षा, न चालणारं टाळून, हाती आलेलं लवकर बसवणं शहाणपणाचं ठरतं.

तिसरी गोष्ट आकाराची. पूर्वी वजनावरून अंदाज बांधत: दात्याचं वजन रुग्णाच्या वजनाच्या तीस टक्के कमी-जास्तीत असलं की झालं. पण वजन हृदयाबद्दल फार थोडं सांगतं. पोट सुटलेल्या माणसाचं हृदय त्या प्रमाणात मोठं नसतं. आता उंची, वजन, वय आणि स्त्री-पुरुष हे चारही धरून हृदयाच्या वस्तुमानाचा अंदाज काढतात आणि दोघांचे आकडे ताडतात. बाईचं हृदय पुरुषाला बसवलं तर निकाल थोडे वाईट येतात, अशी जुनी निरीक्षणं होती. बाई-पुरुष हा भेद त्यामागे फारसा नाही, आकाराचा आहे, असं या मोजणीने बऱ्याच अंशी दाखवून दिलं. सारख्याच उंची-वजनाच्या बाईचं हृदय पुरुषाच्या हृदयापेक्षा थोडं लहान असतं. मोठं हृदय मात्र अनेकदा चालून जातं. ‘हृदय फुगलंय’ असं आपण ज्याला म्हणतो त्या रुग्णाच्या छातीत जुन्या हृदयाने आधीच जागा करून ठेवलेली असते.

आकार नुसता मापाचा प्रश्न नाही, हे फुप्फुसांकडे पाहिल्यावर कळतं. हृदयाची उजवी बाजू फुप्फुसांत रक्त ढकलते आणि तिला हलक्या दाबाची सवय असते. वर्षानुवर्षं डावी बाजू निकामी राहिलेल्या रुग्णाच्या, किंवा लहानपणीच्या सांध्यांच्या तापाने झडप खराब झालेल्या रुग्णाच्या फुप्फुसांत दाब वाढून बसतो. त्याचं स्वतःचं उजवं हृदय हळूहळू या दाबाला सरावलेलं असतं. दात्याचं नसतं. हिरण्यकेशीच्या काठावरच्या सपाट शेताला पाणी देणारी तीन एचपीची मोटर काढून एकदम डोंगरावरच्या टाकीला जोडली तर ती जशी जळेल, तसं ते नवं उजवं हृदय पहिल्या काही तासांतच कोलमडू शकतं. म्हणून यादीत नाव घालण्याआधी मानेच्या शिरेतून नळी घालून फुप्फुसांतला दाब मोजतात, औषध देऊन तो उतरतो का ते पाहतात. न उतरणारा दाब असेल तर हृदय कितीही जुळो, ते एकटं बसवता येत नाही. बर्नार्ड यांनी १९७४ मध्ये यावर एक वेगळा उपाय केला: जुनं हृदय न काढता नवं त्याच्या शेजारी जोडलं. आज ही पद्धत क्वचितच वापरतात.

दात्याच्या हृदयाचीही परीक्षा असते. मेंदू मरताना शरीरात ॲड्रेनलिनचा लोंढा उसळतो आणि निरोगी हृदयही त्या धक्क्याने बधिर होतं. पहिल्या इकोत पंपिंग कमी दिसतं. पण दात्याची नीट काळजी घेतली, हार्मोन आणि क्षार सांभाळले, तर चोवीस तासांत तेच हृदय सुधारलेलं दिसू शकतं. पहिल्याच इकोवर हृदय नाकारणं म्हणजे एक जीव वाया घालवणं, असं मला वाटतं. पंचेचाळीस-पन्नाशीच्या पुढच्या दात्याची अँजिओग्राफी करून घेतात. ती सोय सगळीकडे नसते. शिवाय हेपॅटायटिस, एचआयव्ही, सायटोमेगॅलो विषाणू पाहतात. टॉक्सोप्लाझ्मा हा जंतू हृदयाच्या स्नायूत दडून बसतो, म्हणून हृदयासाठी त्याची चौकशी विशेष.

आणि काय पाहत नाहीत, तेही सांगायला हवं, कारण ते विचारलं जातं. जात पाहत नाहीत, धर्म पाहत नाहीत, शाकाहारी-मांसाहारी पाहत नाहीत. दात्याचं नाव रुग्णाला आणि रुग्णाचं दात्याच्या घरच्यांना कळवायचं नाही असा संकेत आहे. नव्या हृदयाबरोबर दात्याच्या आवडीनिवडी येतात या गोष्टी खूप पसरल्या आहेत. त्यांना आधार नाही. नव्या हृदयाचे मेंदूशी जोडलेले मज्जातंतू तर काढतानाच तुटलेले असतात. म्हणूनच ते बसल्या जागी मिनिटाला नव्वद-शंभर ठोके देत राहतं, आणि जिना चढताना त्याचा वेग हळूहळू वाढतो.

आता नकाशा.

चार तास मोजायचे ते दात्याच्या शरीरात हृदयाचा रक्तपुरवठा बंद केल्यापासून रुग्णाच्या शरीरात तो पुन्हा सुरू होईपर्यंत. त्यातला तासभर तरी जोडण्यातच जातो. उरतात अडीच-तीन तास, दारापासून दारापर्यंत. कोल्हापूर ते पुणे सव्वादोनशे किलोमीटरच्या वर आहे. वाहतूक थांबवून ग्रीन कॉरिडॉर केला तरी रस्त्याने ही वेळ गाठणं अवघड. कोल्हापुरात मिळालेलं हृदय पुण्याला किंवा मुंबईला जायचं तर उजळाईवाडीहून विमानच हवं, आणि ते त्या घटकेला, बहुधा रात्री, मिळायला हवं. मूत्रपिंडं आणि यकृत रस्त्याने जाऊ शकतात. हृदय मागे राहतं.

कोल्हापूर जिल्हा पुण्याच्या विभागीय प्रत्यारोपण समन्वय समितीच्या कक्षेत येतो. इथे मिळालेला अवयव आधी त्या कक्षेतल्या यादीला, मग राज्याला, मग मुंबईत केईएममध्ये कार्यालय असलेल्या पश्चिम विभागाला (त्यात गोवा, गुजरात, मध्य प्रदेशही आहेत) आणि शेवटी देशाला देऊ करतात. बेळगाव कोल्हापूरपासून सव्वाशे किलोमीटरच्या आत आहे. आजऱ्याहून संकेश्वरमार्गे ऐंशी-पंच्याऐंशी. तिथल्या केएलई संस्थेच्या रुग्णालयात हृदय प्रत्यारोपण झालेलं आहे. आजरा, गडहिंग्लज, चंदगडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या दवाखान्यासाठी बेळगावला जातात, तिथल्या डॉक्टरांशी मराठीत बोलतात. पण बेळगाव कर्नाटकात, आणि कर्नाटक चेन्नईच्या विभागात. म्हणजे आजऱ्याचा तरुण आंबोलीच्या रस्त्यावर अपघातात सापडला आणि त्याला बेळगावला नेलं, तर त्याचं हृदय कर्नाटकाच्या यादीला जाईल; कोल्हापूरला नेलं तर पुण्याच्या. कोल्हापुरातलं हृदय बेळगावला पोचायचं तर पुणे, महाराष्ट्र आणि पश्चिम विभाग या तिघांनी आधी नाही म्हणायला हवं. तेवढ्या फोनाफोनीत दात्याची प्रकृती ढासळते.

रुग्णाच्या बाजूने हेच उलटं. यादीत नाव असलेल्या माणसाला केंद्राच्या जवळ राहायला सांगतात, कारण फोन कधी येईल सांगता येत नाही. आजऱ्याहून पुणे सहा तासांवर. काजूची बाग, घनसाळ भाताची खाचरं, दावणीची जनावरं कुणाच्या तरी हवाली करून महिनोन्‌महिने पुण्यात खोली घेऊन राहायचं, तेही एका माणसाला सोबत घेऊन. रक्तगट, प्रतिपिंडं, आकार, फुप्फुसांचा दाब सगळं ठीक असूनही जे कुटुंब हे करू शकत नाही, त्याचा रुग्ण यादीवर जातच नाही. वैद्यकीय अहवालात ही विसंगती कुठे लिहिली जात नाही, पण आपल्या भागात ती बाकी सगळ्यांपेक्षा जास्त माणसं गाळते, असं मला ठामपणे वाटतं. २०२३ मध्ये केंद्र सरकारने अवयवाच्या यादीत नाव घालायला अधिवासाची अट काढून टाकली, त्यामुळे आजऱ्याच्या रुग्णाला बेळगावला नाव नोंदवता येईल. हा दिलासा खरा आहे. दात्याच्या बाजूची सीमा मात्र जागच्या जागी आहे.

देशाचे आकडे हेच सांगतात. २०२३ मध्ये भारतात १,०९९ मरणोत्तर दाते मिळाले आणि हृदय प्रत्यारोपणं झाली २२१. पाच दात्यांमागे एक हृदय. राहिलेल्या चारांतली काही वयाने बाद, काही धक्क्याने बधिर. पण काही केवळ लांब पडल्यामुळे किंवा जवळ जुळणारा रुग्ण नसल्यामुळे गेली. दहा लाख लोकसंख्येमागे आपल्याकडे एक दाताही होत नाही. स्पेनमध्ये चाळीसच्या वर होतात. दाते इतके कमी असताना जुळणीची चाळणी बारीक करायला वावच राहत नाही. पीआरए जास्त असलेल्या बाईला तिच्या रक्ताला चालणारं हृदय मिळायला शंभर दात्यांतून निवड हवी, आणि तिच्या वाट्याला वर्षभरात तिच्या रक्तगटाचे मोजकेच दाते येतात.

दाता होण्यासाठी आधी मेंदूमृत्यू जाहीर व्हायला हवा, आणि तो कुठेही होत नाही. कायद्याप्रमाणे चार डॉक्टरांचं मंडळ लागतं, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासण्या लागतात, आणि व्हेंटिलेटर थांबवून श्वास घेण्याचा प्रयत्न होतो का ते पाहावं लागतं. आजऱ्याच्या ग्रामीण रुग्णालयाकडून ही अपेक्षा करता येणार नाही. पण २०११ च्या दुरुस्तीनंतर, प्रत्यारोपण न करणाऱ्या पण अतिदक्षता विभाग असलेल्या रुग्णालयालाही अवयव काढण्यासाठी नोंदणी करता येते. मेंदूतज्ज्ञ नसेल तिथे सर्जन किंवा फिजिशियन आणि भूलतज्ज्ञ चालतात. म्हणजे जिल्ह्यातल्या आणखी रुग्णालयांना हे शक्य आहे. डोक्याला मार लागलेला रुग्ण मेंदूमृत झाला आहे हे तिथल्या डॉक्टरांना कळतं. जाहीर करण्याची वेळ येते तेव्हा पोलिसांचा ना-हरकत दाखला, शवविच्छेदन, नातेवाइकांचा संताप, या सगळ्याचा विचार करून बरेचदा गप्प राहणं सोपं वाटतं. मी त्यांना दोष देत नाही. त्यांच्या पाठीशी एक प्रशिक्षित समन्वयक असला तर चित्र बदलतं.

अवयवदानाच्या फलकांवर कर्ण हमखास असतो. आजऱ्याला तर त्याचं अप्रूप वेगळंच: ‘मृत्युंजय’कार शिवाजी सावंत इथलेच, आणि ती कादंबरीही १९६७ सालची, बर्नार्ड यांच्या शस्त्रक्रियेच्याच वर्षातली. पण कर्णाने कवचकुंडलं स्वतः शुद्धीत असताना दिली. मेंदूमृत माणूस काही बोलू शकत नाही. त्याने कार्ड भरून ठेवलेलं असलं तरी आपल्याकडे जवळच्या नातेवाइकांच्या लेखी संमतीशिवाय अवयव काढत नाहीत. छाती वरखाली होत असलेल्या, अंग गरम असलेल्या मुलाकडे पाहत आई-वडिलांनी हा निर्णय काही तासांत घ्यायचा असतो. त्यांनी हो म्हटलं आणि हृदय केवळ विमान न मिळाल्यामुळे मागे राहिलं, तर त्यांच्या त्यागाचा मोठा हिस्सा आपण वाया घालवला असं म्हणावं लागेल.

जुळणी शस्त्रक्रियेच्या दिवशी संपत नाही. शरीर नव्या हृदयाला कधीही परकं ठरवू शकतं, म्हणून टॅक्रोलिमससारखी औषधं जन्मभर, ठरल्या वेळी, रक्तातली पातळी तपासत घ्यावी लागतात. ग्रेपफ्रूट आणि पपनस यांतल्या द्रव्यांनी ही पातळी अचानक वाढते. गणपतीत घरोघरी पपनस फोडलं जातं तेव्हा या रुग्णाने ते टाळायचं असतं, हे त्याला आजऱ्यात कुणीतरी सांगायला हवं. पहिल्या वर्षी वारंवार बायोप्सी, पुढे वर्षानुवर्षं तपासण्या. हे सांभाळलं तर निम्म्याहून अधिक रुग्ण दहा वर्षांपलीकडे जगतात.

पुढे काय येऊ घातलंय? डुकराच्या जनुकांत बदल करून त्याचं हृदय माणसाला बसवण्याचे प्रयोग बाल्टिमोरला झाले. जानेवारी २०२२ मधला पहिला रुग्ण दोन महिने जगला, सप्टेंबर २०२३ मधला दुसरा सहा आठवड्यांच्या आसपास. तिथे दहा जनुकं बदलून जुळणीचा प्रश्न मुळातूनच सोडवायचा प्रयत्न आहे. पण ते आपल्या दाराशी यायला वेळ लागेल. मला जास्त जवळची वाटते ती दुसरी वाट: हृदय बर्फात न ठेवता यंत्रात, उबदार रक्त खेळवत, धडधडतं ठेवून नेणं. सिडनीच्या डॉक्टरांनी २०१४ मध्ये या यंत्राच्या मदतीने, ठोके थांबलेल्या दात्यांची हृदयंही पुन्हा चालवून बसवली. अशा यंत्रात हृदय चार तासांपेक्षा बरंच जास्त टिकतं. असं एक यंत्र कोल्हापुरात आलं तर पुण्याचा रस्ता विमानाशिवाय आवाक्यात येईल. ते महाग आहे, आणि प्रत्येक खेपेला लागणारा त्याचा संचही महाग आहे.

त्याआधी, एकही यंत्र न आणता करता येण्यासारखं एक काम आहे. कोल्हापूर, सिंधुदुर्ग, बेळगाव आणि गोवा या पट्ट्यापुरता हृदयासाठी वेगळा करार दोन्ही विभागांनी करावा: इथे मिळालेलं हृदय रस्त्याने तीन तासांत पोचेल अशा केंद्राला, राज्य कोणतंही असो, पुणे आणि मुंबईच्या यादीबरोबरच विचारायचं. अवयववाटप पाहणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या अधिकारात हे बसतं. दोन्ही राज्यांच्या संस्था एकमेकांना ओळखतात, आणि अपघाताची रुग्णवाहिका संकेश्वरच्या फाट्यावर उजवीकडे वळते की डावीकडे, यावर कुणाचं हृदय कुणाला मिळणार हे ठरणं तेवढ्याने थांबेल.